आमच्या गावचा रस्ता नेमका कोणाचा? रस्त्यांची वर्गवारी आणि दुरुस्तीची जबाबदारी

भीमाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे गाव सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे. गावातून पुण्याकडे निघाले की पहिले साडेतीन किलोमीटर एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्याने जावे लागते. तो पुढे एका रुंद डांबरी रस्त्याला मिळतो, तो रस्ता टेंभुर्णीला पोहोचतो आणि तिथे पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. म्हणजे तासाभराच्या आत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या रस्त्यांवरून गाडी जाते, आणि तिन्हींची अवस्था तीन तऱ्हेची आहे.

अडचण पहिल्या साडेतीन किलोमीटरची आहे. खडी उघडी पडली आहे, साइडपट्ट्या वाहून गेल्या आहेत आणि ओढ्यावरची मोरी एका बाजूने खचली आहे. ग्रामसभेचा ठराव घेऊन आम्ही अर्ज केला, तेव्हा एका कार्यालयाने हा रस्ता आपल्याकडे नसल्याचे लेखी कळवले आणि दुसऱ्या कार्यालयाने रस्त्याचा क्रमांक विचारला, जो गावात कोणालाच सांगता आला नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. देशात रस्त्यांचे वर्ग किती, ते कोण ठरवतो आणि कोणत्या वर्गाच्या रस्त्याची जबाबदारी कोणाची असते? गावातील काही मंडळींचे म्हणणे असे आहे की आमदारांकडे जाऊन हा रस्ता थेट राज्यमार्ग करून घ्यावा, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल. हे कितपत व्यवहार्य आहे?

साखळीक्रमांक यांचे उत्तर

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. रस्त्याचा वर्ग त्याच्या रुंदीवरून किंवा वाहतुकीवरून आपोआप ठरतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात वर्ग ही शासनाने केलेली नोंद असते आणि त्या नोंदीवरच रस्त्याचा मालक, त्याच्यासाठीच्या पैशाची वाट आणि तो किती रुंद असावा हे अवलंबून असते. नोंद आधी आणि डांबर नंतर, असा हा क्रम आहे.

मुळात घटनेच्या सातव्या अनुसूचीनेच वाटणी केलेली आहे. संसदेच्या कायद्यानुसार राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झालेले मार्ग संघसूचीत येतात आणि बाकीचे रस्ते राज्यसूचीत. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार असा मार्ग केंद्र सरकारच्या मालकीचा होतो आणि तो सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही केंद्राची असते. देशातील सर्व रस्त्यांची लांबी साधारण 63 लाख किलोमीटर धरली जाते आणि त्यात राष्ट्रीय महामार्ग सुमारे 1 लाख 46 हजार किलोमीटर आहेत, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. उरलेला सारा पसारा राज्य शासन, जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती आणि काही खात्यांच्या अंगावर आहे.

आजची वर्गवारी महाराष्ट्राच्याच भूमीवर ठरली आहे. 1927 मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली (पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच हे जयकर). रस्ते बांधणे आता प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेर गेले आहे, केंद्राने त्यात पैसा घातला पाहिजे, असे या समितीने सांगितले. त्यातून 1929 मध्ये पेट्रोलवरील कराच्या आधाराने केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. त्यानंतर 1943 मध्ये निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग हे पाच वर्ग त्या नागपूर योजनेत पक्के झाले. दर 100 चौरस किलोमीटर क्षेत्रामागे 16 किलोमीटर रस्ता असे तिचे उद्दिष्ट होते. 1961 ते 1981 च्या मुंबई योजनेने ते दुप्पट करून 32 वर नेले.

महाराष्ट्रात राज्य महामार्गांमध्येच प्रमुख राज्यमार्ग आणि राज्यमार्ग असे दोन थर आहेत. खात्याच्या कागदांत हे सगळे रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशा आद्याक्षरांनी लिहिलेले असते आणि प्रत्येकापुढे क्रमांक असतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्गाने बाजारपेठा आणि तालुक्याची गावे एकमेकांशी किंवा महामार्गाशी जोडावीत, इतर जिल्हा मार्गाने तेच काम लहान पल्ल्यात करावे आणि ग्रामीण मार्गाने गावाला जवळच्या वरच्या दर्जाच्या रस्त्यापर्यंत आणून सोडावे, अशी त्यामागची कल्पना आहे. मोकळ्या सपाट प्रदेशात रस्त्यासाठी किती रुंद जमीन असावी याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानकही वर्गाप्रमाणे बदलते: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाला 45 मीटर, प्रमुख जिल्हा मार्गाला 25, इतर जिल्हा मार्गाला 15 आणि ग्रामीण मार्गाला 12 मीटर. आपल्या साडेतीन किलोमीटरवर प्रत्यक्षात तेवढी जमीन मोकळी आहे का, हे बांधावर उभे राहून पाहिले की अर्धे उत्तर मिळेल.

तुमचा रस्ता वर्णनावरून ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असावा. राज्याची रस्ते विकास योजना असते; मागची 2001 ते 2021 या काळाची होती. योजनेच्या जिल्हा नकाशात आणि यादीत रस्ता आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासावे. यादीत नसलेल्या रस्त्याला योजनाबाह्य म्हणतात आणि क्रमांक नसल्यामुळे त्याचे अंदाजपत्रक करतानाच अडचण येते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात ही यादी असते. तोंडी विचारून काम झाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा.

लांबपल्ला यांचे उत्तर

साखळीक्रमांक साहेबांनी खालचे वर्ग नीट मांडले आहेत. वरच्या टोकाबद्दल काही गोष्टी जोडतो, कारण टेंभुर्णीला पोहोचल्यावर आपण ज्या रस्त्याला लागता त्याचा क्रमांकही बरेच काही सांगतो.

पुणे-सोलापूर-हैदराबाद-मछलीपट्टणम या मार्गाला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 9 म्हणत आणि जुने वाहनचालक अजून तेच म्हणतात. 2010 मध्ये केंद्राने सगळे क्रमांक नव्याने लावले आणि तो 65 झाला. नव्या पद्धतीत पूर्व-पश्चिम धावणाऱ्या मार्गांना विषम क्रमांक आहेत आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना ते वाढत जातात. 1 क्रमांक काश्मीर आणि लडाखमध्ये आहे, तर 87 धनुष्कोडीला. महाराष्ट्रात पाहिले तर सुरत-नागपूरकडचा 53, कल्याण-अहिल्यानगरचा 61 आणि आपला 65 असे ते एकाखाली एक येतात. उत्तर-दक्षिण मार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. नागपूरवरून जाणारा 44, धुळे-छत्रपती संभाजीनगर-सोलापूरचा 52, धुळे-नाशिक-पुण्याचा 60 आणि कोकणातला 66 अशी ती रांग आहे. यात पुणे-कोल्हापूरचा 48 बसत नाही असे वाटेल, पण तो दिल्लीहून मुंबईमार्गे थेट चेन्नईपर्यंत तिरपा जात असल्यामुळे नियमाला त्याच्याबाबतीत थोडी मुरड घालावी लागली आहे.

तीन आकडी क्रमांक म्हणजे उपमार्ग; त्यातले शेवटचे दोन आकडे मूळ मार्ग सांगतात. आळंदीच्या पालखीचा रस्ता, म्हणजे पुणे-सासवड-पंढरपूर-मोहोळ, हा 965 आहे, कारण तो 65 चा फाटा आहे, आणि देहूच्या पालखीचा मार्ग 965 जी. रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूरचा 166 हा 66 चा. ही पद्धत कळली की नकाशा वाचायला सोपा जातो.

तरीही क्रमांक राष्ट्रीय असला म्हणजे काम एकाच हाताने होते असे समजू नये. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण 1988 च्या कायद्याने निर्माण झाले असले, तरी सगळे राष्ट्रीय महामार्ग त्याच्याकडे नाहीत. बरेच मार्ग राज्याच्या बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत केले जातात, आणि सीमाभागात सीमा रस्ते संघटना असते. मुंबई-गोवा मार्गाचेच पाहा: पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा प्राधिकरणाकडे दिला गेला आणि इंदापूरपासून झारापपर्यंतचा राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. हे इंदापूर रायगड जिल्ह्यातले. आपल्या वाटेवरचे पुणे जिल्ह्यातले इंदापूर वेगळे. एका रस्त्यावर, एका क्रमांकाखाली दोन यंत्रणा काम करीत असल्यामुळे प्रवाशाने तक्रार करताना आपण किती किलोमीटरवर उभे आहोत हे सांगणे आवश्यक ठरते. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

द्रुतगती मार्ग ही आणखी वेगळी गोष्ट आहे. सामान्य महामार्गाला कडेच्या शेतातून, पेट्रोल पंपातून, गल्लीतून कुठूनही गाडी येऊन मिळते. द्रुतगती मार्गाला ठरावीक ठिकाणीच प्रवेश आणि निर्गम असतो, आणि त्याच कारणाने तिथे दुचाकींना मनाई करता येते. मोटारींसाठी 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर ताशी 120 आणि दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर 100 किलोमीटर अशी कमाल मर्यादा आहे. घाटात आणि वळणांवर ती अर्थातच कमी केलेली असते. पण दिसायला सर्वांत मोठा असलेला रस्ता राष्ट्रीयच असेल असे नाही. 2002 मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि 2025 च्या जूनमध्ये आमणेपर्यंत पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे दोन्ही महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. उलट द्रुतगती मार्गाच्या शेजारून खंडाळ्यातून जाणारा जुना रस्ता राष्ट्रीय महामार्ग 48 आहे.

सातारकर यांचे उत्तर

भीमाकाठ, आमदारांकडे जाऊन राज्यमार्ग करून घेण्याच्या कल्पनेवर जरा थांबून विचार करावा असे सुचवतो. दर्जोन्नती म्हणजे दुरुस्ती नव्हे. वरच्या दर्जाचा रस्ता मिळाल्यावर निधीची रांगही वरच्या दर्जाची होते, आणि त्या रांगेत साडेतीन किलोमीटरच्या तुकड्याला कोण विचारणार? राज्यमार्ग हा जिल्हे आणि मोठी गावे जोडणारा सलग पट्टा असावा लागतो. एका गावापाशी संपणाऱ्या फाट्याला तो दर्जा मिळणे कठीण आणि मिळाला तरी तो कागदावरच राहण्याचा संभव जास्त.

याचे मोठे उदाहरण म्हणजे तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग. साधारण दहा वर्षांपूर्वी केंद्राने राज्यांतील पुष्कळ राज्यमार्ग तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित केले. प्रत्यक्ष अधिसूचना सविस्तर प्रकल्प अहवालावर आणि पुढच्या निर्णयांवर अवलंबून राहिली, आणि अनेक रस्ते वर्षानुवर्षे त्या मधल्या अवस्थेत अडकले. राज्य म्हणे हा आता केंद्राचा, केंद्र म्हणे अजून अधिसूचना कुठे झाली आहे. आणि खड्डे ज्याचे त्याच्यापाशी. आमच्या भागातल्या अशा एका रस्त्यावर एसटीचे चालक मुद्दाम लांबच्या वाटेने जात.

दुसरी बाब जमिनीची. रस्त्याच्या कडेला घर, गोठा किंवा गाळा बांधायचा तर इमारत रेषा (जिच्या आत बांधकाम करता येत नाही) आणि नियंत्रण रेषा (जिच्या आत बांधकामावर निर्बंध असतात) पाळाव्या लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे मोकळ्या सपाट प्रदेशात दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमधले अंतर राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाला 80 मीटर असते आणि प्रमुख जिल्हा मार्गाला 50. म्हणजे दर्जा वाढला की रस्ता एक फूटही रुंद झाला नसताना कडेच्या शेतकऱ्याचे बांधकाम मागे सरकते. ग्रामसभेत हा मुद्दा मांडल्यावर राज्यमार्गाचा आग्रह धरणारे किती जण उरतील, याबद्दल मला शंका आहे.

आणि नुसत्या दर्जाने काय उलथापालथ होते हे 2017 मध्ये देशाने पाहिलेच आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला आणि तो पुढच्या 1 एप्रिलपासून लागू व्हायचा होता. त्याबरोबर अनेक ठिकाणी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचे दर्जे उतरवून ते जिल्हा मार्ग किंवा पालिकेचे रस्ते करण्याची धावपळ उडाली. चंदीगडचे असे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पालिका हद्दीतील दुकानांना हा आदेश लागू नसल्याचे जुलै 2017 मध्ये स्पष्ट झाले. एकही दगड न हलवता रस्ते मात्र खाली उतरले होते.

भीमाकाठ

सर्वांचे आभार. राज्यमार्गाचा विचार आम्ही सोडून देतो. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. टेंभुर्णीकडच्या रुंद रस्त्यावर जुने हिरव्या डोक्याचे मैलाचे दगड आहेत. त्यावरून तो राज्यमार्ग समजावा का? आणि आमच्या साडेतीन किलोमीटरच्या रस्त्याला मध्येच शिवारातून येणारी एक गाडीवाट मिळते. ऊस वाहतुकीसाठी तीही तितकीच महत्त्वाची आहे, पण एका ठिकाणी चर खणून ती अडवलेली आहे. ती कोणत्या वर्गात येते?

दिवाणीवकील यांचे उत्तर

गाडीवाटेबद्दल लिहितो. आपण ज्या पाच-सहा वर्गांची चर्चा करीत आहात त्यांच्याही खाली पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट आणि पायवाट हे एक जुने जग आहे, आणि ते बांधकाम खात्याच्या यादीत सापडत नाही. ते सापडते भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशात, जिथे गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषांनी आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. सर्वप्रथम या नकाशाची प्रमाणित प्रत काढावी.

नकाशात वाट असेल आणि कोणी अडवली असेल, तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. नकाशात नसली तरी वहिवाटीची वाट अडवल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली दाद मागता येते. त्यासाठी अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून चर कधी खणला गेला याची तारीख आणि साक्षीदार पक्के करून ठेवावेत. शेतात जायला मुळातच वाट नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. या तिन्ही वाटा वेगवेगळ्या आहेत. एकाच अर्जात सगळी कलमे लिहून देण्याची पद्धत आहे, ती टाळावी, कारण त्यामुळे समोरच्या पक्षाला हरकत घ्यायला आयतेच निमित्त मिळते.

साखळीक्रमांक यांचे उत्तर

दगडांबद्दल: पिवळे डोके राष्ट्रीय महामार्गाचे, हिरवे राज्य महामार्गाचे आणि नारिंगी ग्रामसडक योजनेतील रस्त्याचे, असा संकेत आहे. पण दर्जा बदलल्यावर दगड लगेच रंगवले जातातच असे नाही, त्यामुळे यादी पाहिल्याखेरीज दगडावर विसंबू नये.

रंगावरून एक महत्त्वाचा मुद्दा आठवला. आपला साडेतीन किलोमीटरचा तुकडा पूर्वी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत झाला होता का, हे गावातल्या जुन्या मंडळींना विचारा आणि रस्त्याच्या सुरुवातीला फलक आहे का ते पाहा. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत, सपाट भागातील 500 किंवा अधिक आणि डोंगरी किंवा आदिवासी भागातील 250 किंवा अधिक लोकसंख्येच्या न जोडलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता द्यायचा होता. त्यातील कामाच्या कंत्राटातच पुढील पाच वर्षांची देखभाल त्याच कंत्राटदाराकडे असते. ती मुदत चालू असेल तर नवा निधी मागण्याचे कारणच नाही. कंत्राटदाराकडून काम करून घ्या, असा अर्ज करायचा. मुदत संपली असेल तर देखभालीसाठी लेखाशीर्ष (सरकारी अंदाजपत्रकातील खर्चाचे खाते) 3054 आणि सुधारणेसाठी 5054 यांतून जिल्हा नियोजन समितीमार्फत जिल्हा परिषदेला अनुदान येते. आपल्या भागातील जिल्हा परिषद सदस्यांना हे दोन आकडे तोंडपाठ असतात.

अर्जात रस्ता खराब आहे एवढेच लिहू नका. रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, म्हणजे 0/000 ते 3/500 अशी साखळी, मोरी कोणत्या साखळीवर आहे, नळकांडी आहे की स्लॅबची, आणि खचलेली बाजू प्रवाहाच्या वरची की खालची, हे लिहा. मोरीचे काम रस्त्याच्या कामापासून वेगळे मागा. डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात ती घातली तर खर्च वाढतो आणि दोन्ही कामे मागे पडतात. खचलेली मोरी पावसाळ्याआधी झाली नाही तर नवे डांबरही पहिल्या पुरात जाईल, हे छायाचित्रासह नमूद केले तर उपअभियंत्याला तिची निकड वरच्या कार्यालयात पटवून देणे सोपे जाते.